खाण्याच्या आजारासाठीचं निवासी सेंटर, चोपडा ते पुणे: पाचपैकी साडेतीन स्टार

पुण्याच्या बाहेर खाण्याच्या आजारांसाठी (ईटिंग डिसऑर्डर, खाण्याशी मनाचं नातंच बिघडतं तो मानसिक आजार) एक निवासी सेंटर आहे, म्हणजे पेशंटने तिथेच राहायचं आणि तिथेच खायचं, तिथे मी माझ्या भाचीसोबत राहून आले त्याचा हा रिव्ह्यू. सेंटरचं नाव टाकत नाही, एकतर पोरीची प्रायव्हसी आणि दुसरं म्हणजे खाली तक्रारी पण आहेत. भाचीला विचारूनच लिहितेय, तिची अट एकच, मावशी वजनाचा आकडा कुठेही लिहायचा नाही. बरोबरच आहे तिचं, हा आजार असलेल्या पोरी दुसरीचा आकडा वाचला की त्याच्याशी शर्यत लावतात, हे तिनेच मला सांगितलं.

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असणाऱ्यांचं काम होईल. उपचार चांगले, जेवणाचं टेबल एक नंबर, डिस्चार्जनंतरची सोय ढिसाळ, आणि बिलिंगबद्दल न बोललेलं बरं (पण बोलणार आहे).

आता हे कुणासाठी लिहितेय तर आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या घरांसाठी, कारण आपल्याकडे "खाण्याचा आजार" म्हटलं की लोकांना ॲसिडिटी नाहीतर जंत आठवतात. पोरगी बारीक झाली तर आधी थायरॉइड, मग टीबी, मग रक्त कमी, मग जंताचं औषध, मग भूक वाढवायचं सिरप, आणि आजी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होत्या, "पोरले नजर लागनी व माय." तपासण्या करायलाच पाहिजेत, त्याला माझी ना नाही, थायरॉइड खरंच असू शकतो. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे पोरगी नॉर्मल असा अर्थ होत नाही, या आजारात बरेच दिवस रक्ताचे रिपोर्ट चांगले येऊ शकतात. आणि सिरपचं म्हणाल तर भूक लागत नाही हा प्रॉब्लेमच नव्हता, भूक लागायची, ती दाबून ठेवायची.

मी शिवणकाम करते. भाचीचा दिवाळीचा ड्रेस दरवर्षी मीच शिवते त्यामुळे तिचं माप माझ्या वहीत वर्षावर्षाचं लिहिलेलं आहे. नीटच्या क्लाससाठी ती जळगावला होस्टेलवर आली, दिवाळीआधी माप घ्यायला बोलावलं तर म्हणे जुन्याच मापावर शिव आणि ढगळ ठेव. ढगळ? ही पोरगी फिटिंगसाठी माझ्याशी भांडणारी! शेवटी टेप लावला तर दंडघेर बघून मी टेप परत लावला, मला वाटलं टेप दुमडलाय. हातावर बारीक भुरी लव आलेली, बोटं गार, ऑक्टोबर हीटमध्ये स्वेटर. ती लव अंगावर येते कारण शरीराला ऊब धरता येत नाही, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

घरच्यांना का कळलं नाही याचं सरळ उत्तर आहे, उपास. श्रावणी सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, मग नवरात्राचे नऊ दिवस, आणि चैत्रात सप्तशृंगीगडावर पायी जायचं म्हणून आधीपासून एकवेळ जेवण. गल्लीतल्या बायका ताईला म्हणायच्या, काय धार्मिक पोर आहे हो तुमची, आजकालच्या पोरी कुठे करतात एवढं. आता आपल्याकडे उपास म्हणजे एकादशी अन् दुप्पट खाशी, साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, सगळं असतं. ही साबुदाणा तेलकट म्हणून सोडायची, भगर नको म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी उपास सोडायच्या वेळेला तिचं पोट दुखायचं. मी काय सांगते ते लक्षात ठेवा, उपास कोण करतं याकडे बघू नका, उपास सुटतो का ते बघा.

दुसरी खूण अशी की ती सगळ्यांसाठी सैपाक करायची. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी झाली त्यात वांगी भाजण्यापासून मिरच्या-लसूण ठेचण्यापर्यंत सगळं हिने केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या, चाळीस माणसांना आग्रह करकरून वाढलं, आणि स्वतः काय खाल्लं तर कांद्याची पात. मोबाईलवर दिवसभर रेसिपीचे व्हिडिओ. दाजी म्हणायचे, एवढी खाण्याची आवड आहे हिला, हिला कसला आजार! सेंटरमधल्या थेरपिस्ट मॅडमने यावर अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या प्रयोगाचं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांना, स्वतःहून तयार झालेल्या, काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर ते गडी पाककृतीची पुस्तकं वाचायला लागले, ताटातलं तासभर चिवडत बसायला लागले, चिडचिडे झाले, एकेकटे राहायला लागले. म्हणजे यातलं बरंचसं नाटक नाही, हट्ट नाही, उपाशी मेंदू असाच वागतो. दाजींचा आवाज त्या दिवसानंतर खाली आला.

बाकी खुणा थोडक्यात लिहिते कारण सगळ्या सगळ्यांत नसतात. जेवल्या जेवल्या बाथरूममध्ये जाणं आणि नळ सोडून ठेवणं, गाल जबड्यापाशी सुजल्यासारखे दिसणं, दात झिजणं, केस गळणं, पाळी चुकणं, चक्कर, लग्नकार्यात पंगतीच्या वेळेला गायब होणं, काट्यावर दिवसातून चारदा चढणं. आणि एक गोष्ट ठळक करायची सोय असती तर ठळक केली असती: बारीकच असायला पाहिजे असं काही नाही. सेंटरमध्ये चाळिशीच्या एक वहिनी होत्या, अंगाने भरलेल्या, त्यांना ताबा सुटल्यासारखं खाण्याचा आजार होता, बिंज इटिंग, त्यांना आयुष्यभर प्रत्येक डॉक्टरने "वजन कमी करा" एवढंच सांगितलेलं. एक जिमवाला पोरगा पण होता, त्याच्या घरच्यांना वाटायचं बॉडी बनवतोय.

आमच्याकडच्या एका डॉक्टरने (नाव नको) सांगितलं होतं की पाळी चालू आहे ना मग हा तो आजार नाही, वयात असं होतं, लग्न झालं की नीट होईल. सतरा वर्षांच्या पोरीला! नंतर कळलं की ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे उपाशी राहून खंगत जाण्याच्या आजाराच्या, निदानासाठी पाळी बंद झालीच पाहिजे ही अट २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे डॉक्टर लोक ज्याच्यावरून मानसिक आजारांचं निदान करतात त्यात, काढून टाकलेली आहे. बिंज इटिंगला स्वतंत्र आजार म्हणून जागा पण त्यातच मिळाली. लग्नाबद्दल त्यात काही नाही.

डॉक्टरकडे जायच्या आधी घरी अंदाज घ्यायचा तर स्कॉफ म्हणून पाच प्रश्न आहेत, इंग्लंडच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये काढलेले. पोट गच्च भरल्यासारखं वाटून मुद्दाम उलटी करता का, खाण्यावरचा ताबा गेला अशी भीती वाटते का, तीन महिन्यांत वजन झपाट्याने उतरलं का, लोक बारीक म्हणतात तरी स्वतःला जाड वाटता का, आणि खाण्याचा विचार सगळ्या आयुष्यावर बसलाय का. दोन किंवा जास्त हो आले तर दाखवायला जायचं, बस, त्याच्यावरून घरी निदान करत बसायचं नाही. फुकटात बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. जळगाव-धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही मानसोपचाराचा विभाग आहे, तिथे केसपेपर काढून सुरुवात करता येते, लगेच पुण्या-मुंबईची गाडी पकडायची गरज नाही.

आणि हे पण प्रामाणिकपणे सांगते की प्रत्येक पोरीला निवासी सेंटर लागत नाही. सेंटरच्याच डॉक्टरांनी आम्हाला पहिल्या भेटीत हे सांगितलं, म्हणून मला त्यांच्यावर भरवसा वाटला. शाळकरी-कॉलेजच्या वयात पहिला पर्याय म्हणजे घरच्यांना धरून केलेले उपचार, त्यात पोरीला काय आणि किती खायला द्यायचं हे काही महिने आईबाप ठरवतात आणि थेरपिस्ट त्यांना शिकवतो, लंडनच्या मॉडस्ले हॉस्पिटलमधून १९८० च्या दशकात ही पद्धत पुढे आली. आम्ही ते करून बघितलं. पण ताई चोपड्याला, पोरगी होस्टेलवर, थेरपिस्ट मोबाईलवर, आणि घरी आणलं तर प्रत्येक ताटावर युद्ध. शेवटी ती क्लासमध्ये चक्कर येऊन पडली, नाडी फार मंद निघाली, पोटॅशियम कमी, तेव्हा ठरलं.

पुण्याच्या आधी एका दुसऱ्या ठिकाणी जाऊन आलो, ते पण आवर्जून लिहिते. जाहिरातीत खाण्याचे आजार लिहिलेलं होतं, जाऊन बघतो तर व्यसनमुक्ती केंद्र. दारूवाले, गोळ्यावाले आणि त्यातच हिला ठेवणार. डाएटिशियन कोण विचारलं तर म्हणे आमच्याकडे सगळं होतं ताई. जेवताना सोबत कोण बसतं विचारलं तर म्हणे मेसला पाठवतो. आल्या पावली परत. व्यसनमुक्ती केंद्रं आपल्या जागी ठीक, पण तिथलं काम वेगळं आहे, आणि खाण्याच्या आजारांसाठीच चालणाऱ्या निवासी जागा आपल्या देशात फार थोड्या आहेत, त्यामुळे कुणीही बोर्डावर एक ओळ वाढवतं.

पुण्याच्या सेंटरने उलट आम्हाला लगेच घेतलंच नाही. ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम सगळं करून पाठवा म्हणाले, रिपोर्ट बघून म्हणाले आधी हॉस्पिटलमध्ये भरती करा, तिथे स्थिर झाली की मग आमच्याकडे. दाजी चिडले, एवढे पैसे भरायला तयार आहे तरी नाही म्हणतात. मला मात्र ते आवडलं. याचं कारण आजींच्या लाडवांवरून समजलं. आजींनी डिंकाचे लाडू डबाभर पाठवले होते, हॉस्पिटलमध्ये सिस्टरने डबा बाजूला ठेवला आणि समजावून सांगितलं की बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपकन खाली येतं आणि हृदयावर बेतू शकतं, रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात त्याला. म्हणून सुरुवातीला हिशोबात खायला द्यायचं, रोज रक्त बघायचं आणि हळूहळू वाढवायचं. तेव्हा घरच्या घरी "आता खा पोटभर" करणाऱ्यांनी हे वाचा, जास्तच खालावलेली पोर असेल तर पहिलं खाणं डॉक्टरच्या नजरेखाली.

आता मुख्य सेंटर. भाची अठराच्या आतली असल्याने घरचं कुणीतरी पूर्ण वेळ सोबत पाहिजे, आणि मुलीसोबत बाई पाहिजेच, हा सेंटरचा नखरा नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे. ताईला घर, गुरं, सासूबाई, म्हणून मी मशीनवर कव्हर टाकून गेले. खोल्या साध्या, स्वच्छ. फोटोतला बगीचा फोटोतच मोठा आहे, प्रत्यक्षात चार कुंड्या आणि एक झोपाळा. मला त्याचं काही नाही, बगीचा बघायला गेलो नव्हतो.

टेबलाबद्दल मात्र सविस्तर. दिवसातून तीन जेवणं आणि तीन वेळा मधलं खाणं, घड्याळ लावून. भूक आहे का हे कुणी विचारत नाही, कारण या आजारात भुकेचा काटाच बिघडलेला असतो. टेबलावर एक सिस्टर किंवा थेरपिस्ट स्वतः तेच ताट घेऊन बसणार, लांब उभं राहून नजर ठेवणं नाही. पहिल्या आठवड्यातलं दृश्य सांगते, भाचीने पोळीचे नखाएवढे तुकडे केले, तूप लागलेली बाजू ताटाच्या काठाला पुसली, वरण भातात न कालवता बाजूला सरकवत राहिली. आपण घरी असतो तर एकतर ओरडलो असतो नाहीतर पाया पडलो असतो. सिस्टर काय म्हणाली? "तुपाचं बोट लागलं का गं ताटाला, घे दुसरं," आणि शांतपणे चमचाभर तूप परत वाढलं आणि अंताक्षरीत आपलं गाणं म्हणत राहिली. ना भाषण, ना दया. भाची रडत रडत जेवली पण जेवली. जेवण झाल्यावर तासभर सगळ्यांनी हॉलमध्येच बसायचं, बाथरूमला जायचं तर सोबत कुणीतरी. त्या तासात मी पोरींना हुक-बटण लावायला शिकवलं, एकीने तर काज करायला पण शिकून घेतलं, हात गुंतलेले असले की तो तास सरतो.

वजन आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, काट्यावर पाठमोरं उभं करून, आकडा पेशंटला सांगत नाहीत. थेरपी पहिल्या दिवसापासून असते पण मॅडम स्पष्ट म्हणाल्या की खाणं सुरळीत झाल्याशिवाय मोठ्या गप्पा फारशा आत जात नाहीत. ते दिसलंच मला, काही आठवड्यांनी एक दिवस पोरगी खळखळून हसली आणि लगेच माझ्या ब्लाउजच्या फिटिंगवर कमेंट केली, तेव्हा म्हटलं ही आमचीच.

घरच्यांचे सेशन व्हिडिओ कॉलवर. त्यात सगळ्यात हुशार निघाल्या आजी. रोज फोनवर पहिला प्रश्न, "काय खादं व बेटा आज?" मॅडमनी सांगितलं आजी, खाण्याचं सोडून काहीही विचारा, आणि चेहरा भरला, तब्येत सुधारली असलं कौतुक पण करू नका, तिच्या कानाला ते "जाड झाली" असं ऐकू जातं. दुसऱ्या दिवसापासून आजी म्हशीचं सांगायला लागल्या, कोण व्याली, कोण आटली, पोरगी फोनची वाट बघायला लागली. दाजींना मात्र शेवटपर्यंत "कितीने वाढलं" हेच पाहिजे होतं.

आता तक्रारी. रविवारी नवीन स्टाफ असतो आणि त्यांना कुणाचा काय प्लॅन आहे ते माहीत नसतं, एका रविवारी भाचीला मधलं खाणं कमी मिळालं आणि तिने ते कुणाला सांगितलं नाही, साहजिक आहे, आजार कशाला सांगेल. मी वहीत लिहून दाखवलं तेव्हा सुधारलं. म्हणजे मी नसते तर? दुसरं, फोनवर चौकशीला बोलणारी कोऑर्डिनेटर प्लॉट विकल्यासारखी मागे लागते, आज बुकिंग केलं तर अमुक सवलत. आजाराला कसली सवलत.

तिसरी तक्रार मोठी. डिस्चार्जच्या वेळी जो जेवणाचा चार्ट दिला तो पूर्ण इंग्रजीत, त्यात सकाळी ओट्स, पीनट बटर, दुपारी सॅलड आणि ग्रिल्ड पनीर. चोपडा तालुक्यातल्या खेड्यात! ताई तो कागद हातात धरून म्हणे, हे कोण करून राहिलं आपल्याकडे? मी डाएटिशियनकडे जाऊन बसले आणि दादर ज्वारीची भाकरी, वरण-बट्टी, भरीत, शेवभाजी, शेंगदाण्याची चटणी, केळी असं सगळं मापात बसवून मराठीत लिहून घेतलं. शेवभाजी म्हटल्यावर तिचे डोळे मोठे झाले, तर्री बघून घाबरली बहुतेक. पण भाचीसाठी तेच महत्त्वाचं होतं, पंगतीत सगळ्यांसोबत तेच ताट खाता येणं. करून दिलं तिने, अर्धा स्टार तिच्यामुळे वाढला.

पुढची सोय म्हणून आठवड्याला एक ऑनलाइन सेशन, आणि "जवळच्या आमच्या सहयोगी डॉक्टरकडे दाखवा" असं सांगितलं, त्यांच्या यादीत सगळ्यात जवळचं गाव नाशिक निघालं. आम्हीच जळगावात एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक फिजिशियन शोधून दोघांना सेंटरचे कागद दिले, आता नाडी, बीपी, रक्त इथे बघतात आणि थेरपी मोबाईलवर. रेंज गेली की भाची गच्चीवर जाऊन बसते. परत घसरण झाली तर काय करायचं, कोणत्या खुणेला कुणाला फोन करायचा, हा कागद डिस्चार्जच्या आधीच लिहून घ्या, नंतर कुणी फोन उचलत नाही पटकन.

जाणार असाल तर एवढं विचारून घ्या: राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, रात्री डॉक्टर कोण, जेवताना सोबत कोण बसतं, रविवारी कोण बसतं, आणि किती गंभीर पेशंट तुम्ही घेत नाही. शेवटच्या प्रश्नाला "आम्ही सगळे घेतो" असं उत्तर आलं तर उठा तिथून.

पैसे. महिन्याला लाखाच्या वर, तपासण्या वेगळ्या. कपाशीचे पैसे आलेले होते आणि थोडं सोनं मोडलं. विम्याचं असं आहे की २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, विमा नियामकाने पण २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलेलं आहे. तरी आमच्या कंपनीने हॉस्पिटलचं बिल दिलं आणि सेंटरचं नाकारलं, कारण काय तर ते त्यांच्या व्याख्येत हॉस्पिटलमध्ये बसत नाही. त्यामुळे भरती व्हायच्या आधी कंपनीकडून लेखी घ्या, आणि सेंटरकडून रोजच्या नोंदींची कॉपी. त्या कॉपीसाठी बिलिंगवाल्यांनी आम्हाला इतकं फिरवलं की एक स्टार तिथेच गेला. कंपनीकडे लेखी तक्रार केली, तिकडून नकार आला आणि आता पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज टाकलाय, त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. निकाल आला की इथेच खाली टाकते.